उजवीकडे सरकणारी खिडकी

वेबसाइट बनवणाऱ्या लेकीने जाहिरातीची एक छोटी खिडकी तयार केली. टायमर सुरू झाला की खिडकीने दर सेकंदाला थोडं उजवीकडे सरकायचं आणि स्क्रीनच्या कडेला पोचताच बंद व्हायचं, एवढंच काम.

खिडकी कडेला पोचली, पण बंद झाली नाही. सरळ स्क्रीनबाहेर गेली.

टेबलाच्या उजवीकडे बंद पडलेला टीव्ही होता. त्याच्या काळ्या काचेवरून ती उजळ चौकट निवांत सरकत गेली. पुढे भिंत होती; चौकट तिच्यातही शिरली. भिंतीपलीकडे आईचं शिलाई मशीन खडखडत होतं.

लेकीने झटकन टायमर रद्द केला.

मशीन थांबलं.

"अगं, मध्येच काय थांबवलंस?" पलीकडून आई म्हणाली. "आता ही खिडकी बंद मात्र करू नकोस हं. मी अर्धी आत आहे."