पायातला दोरा

दोरा कापण्याच्या मानासाठी पाहुण्यांत लागलेल्या शर्यतीत पेरिझात सगळ्यांत आधी पोहोचली. धापा टाकत तिने गवतात गुडघे टेकले आणि सुरीचे पाते आक्तानच्या इवल्या घोट्यांमधून फिरवले. रिवाजाप्रमाणे पायांना बांधलेला काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ तुटला. आता दीड वर्षाच्या आक्तानने मेजवानीला जमलेल्या साऱ्या गोतावळ्यादेखत पाऊल टाकायचे होते.

बेगायिमने लेकाचे बोट सोडले. अकरा दिवसांपूर्वी तिने त्याच्यासमोरचा मोबाइल काढून घेतला होता. त्यावाचून तो घास गिळत नसे. अकरा दिवस तो रडला. काल मात्र रडता रडता त्याने प्रथमच आईच्या तोंडाकडे निरखून पाहिले होते.

"चल रे माझ्या शिंगरा!" कुणीतरी ओरडले, आणि त्याच क्षणी दहा-बारा हात वर झाले. हरेक हातात मोबाइल.

आक्तान थबकला. उन्हात काचा लखलखत होत्या. तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हात त्यांच्याकडे पसरून बोटांची उघडझाप करू लागला.

"मागतोय तर दे की गं," थोरली नणंद झूरा आपला मोबाइल तसाच रोखून म्हणाली. "दोन मिनिटं कार्टून लावलंस तर आभाळ कोसळणार आहे का?"

"अकरा दिवस काढलेत, एजे," बेगायिम थोरल्या बहिणीला म्हणावे तसे म्हणाली.

"मग काय, त्याचीही मेजवानी घालणारेस?"

हशा पिकला. आक्तानने टाहो फोडला. बेगायिमचा हात नकळत खिशाकडे गेला.

तोच गर्दी दुभंगली. तिचे सासरे, म्हातारे ओसमोन, पुढे आले आणि त्यांनी डोक्यावरची लोकरीच्या नमद्याची पांढरी टोपी उतरवली.

ती टोपी ते जमिनीवर टेकवत नसत, कुणाच्या हाती देत नसत. उघड्या आभाळाखाली त्यांचे डोके पोटच्या लेकीनेही पाहिले नव्हते. रापलेल्या चेहऱ्यावर ते कपाळ नवजात अर्भकासारखे कोवळे, गोरे दिसत होते. टोपी उलटी करून त्यांनी झूरापुढे धरली.

"बाबा, हे काय! डोक्यावर घाला ती."

"घालतो. आधी तुझ्या हातातलं ह्यात घाल."

झूराने मोबाइल टोपीत ठेवला. मग दुसरा पडला, तिसरा पडला. सगळ्यांत शेवटी बेगायिमने आपला टाकला.

आणि कुरण ऐकू येऊ लागले. ओढा, दाव्याला बांधलेली शिंगरे, घोड्यांच्या शेपट्यांचे सपकारे. आक्तानचे रडे ओसरले. समोर एकाएकी केवढे तरी चेहरे उगवले होते. तो ते एकेक करून पाहत राहिला.

तेवढ्यात टोपीत एक मोबाइल वाजला. आक्तानची मान गर्रकन वळली. म्हातारा जागचा हलला नाही.

आक्तानने टोपीकडे पाहिले. मग टोपीच्या वर दिसणाऱ्या त्या गोऱ्या कपाळाकडे. गवतात तळवे रोवून तो उठला, डगमगला. एक पाऊल. दुसरे. टोपीजवळून गेला, आजोबांजवळून गेला, आईजवळूनही गेला; घोट्याशी लोंबणारा दोरा ओढत शिंगरांकडे, त्यांच्यापलीकडच्या बर्फाळ डोंगरांकडे चालत राहिला. त्याला वळवायला कुणी धावले नाही.

टोपी वाजतच होती.

"बाबा," झूरा हलकेच म्हणाली, "आता तरी घाला डोक्यावर."

"थांब," म्हातारा म्हणाला. "तो अजून चालतोय."