नीलमाचे तीन दिवस

"हा नीलम परत घ्या पोतदारकाका. आमच्या उत्तराला लाभला नाही," म्हणत आईने रुमालाची गाठ सोडून खडा काउंटरवर ठेवला.

साखरपुड्याच्या अंगठीसाठी तो तिनेच निवडला होता. नीलम बोटात घालण्याआधी तीन दिवस उशाखाली ठेवून बघतात, तसा ठेवलाही. तिसऱ्या दिवशी उत्तराचा ओठ फाटला आणि एक डोळा सुजून बंद झाला.

"जिन्यावरून पडली," होणारा जावई रणजित म्हणाला. "मी सांगतच होतो, शनीचा खडा नको. पुष्कराज दाखवा."

"मी पडले नाही," उत्तरा म्हणाली. "नोकरी सोडणार नाही म्हटलं, म्हणून काल यानं मला गाडीत मारलं."

रणजितने तिची वेणी मुठीत धरली आणि तिचं कपाळ काउंटरवर आपटलं. काच तडकली. तो पुन्हा आपटणार, तोच आईने पावत्यांवर ठेवलेलं पितळी वजन उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचं सगळ्या दुकानाला ऐकू आलं. तो हात पोटाशी धरून खाली बसला.

पोतदारकाकांनी खडा उचलला. त्याला रक्त लागलं होतं. तो पुसून ते डबीत ठेवू लागले.

"ठेवू नका," लेकीच्या कपाळावर पदर दाबून धरत आई म्हणाली. "पत्रिकेत तीस गुण जुळले होते या दोघांचे. खरं काय ते या खड्यानेच दाखवलं. अंगठी करा. लाभलाय तो माझ्या लेकीला."