उताराची विहीर

इंदुवहिनींनी पूजेसाठी विहिरीचं पाणी शेंदलं आणि कळशी तशीच खाली ठेवली. पाण्याला डिझेलचा वास येत होता.

"अहो, ट्रॅक्टरच्या डिझेलसाठी जमिनीत पुरलेली आपली टाकी गळतेय."

"हळू बोल!" नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "प्रदूषण तपासणीवाल्यांना कळलं, तर टाकी उपटून खालची सगळी माती काढायचा खर्च आपल्याच बोकांडी बसेल. आपण प्यायला टँकर मागवू."

"आणि उताराला अण्णांची विहीर आहे, तिचं काय? त्यांच्या घरची पोरंबाळं तेच पाणी पितात."

विहिरीच्या पाण्यानं महादेवाला अभिषेक घातल्याशिवाय वहिनी जेवत नसत, हे नवऱ्याला ठाऊक होतं. थोड्या वेळानं त्यानं दुकानातून पाण्याची बाटली आणली. "आज ह्याचा अभिषेक कर."

"महादेव काय एस्टीनं गावाला निघालाय?" वहिनी हळूच म्हणाल्या. त्याला ताट वाढून स्वतः उपाशीच बसल्या.

ताट सारून तो उठला, तपासणीच्या साहेबांना फोन लावला आणि अण्णांच्या घरी सांगायला गेला.

संध्याकाळी त्या दोघांदेखत साहेबांनी अण्णांच्या विहिरीचं पाणी तपासलं. "डिझेल इथवर पोचलेलं नाही. वेळेत सांगितलंत म्हणून वाचलं. खर्च मात्र तुम्हालाच करावा लागेल."

नवऱ्यानं मान डोलावली.

"शिव्या तुला उद्या घालीन," अण्णा खेकसले. "आज माझी ट्रॉली घे आणि माती भरायला लाग. आणि वहिनी, तुम्ही आमच्या विहिरीवरून पाणी न्या बघू. तुमच्यापायी महादेव सकाळपासून तहानलाय."