चंद्रीची दाद

सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटात मुलगा-सून दोघंही दिवसभर कानात हेडफोन घालून मीटिंगांत बुडालेली. निपाणीहून आलेली तायव्वा कामं उरकून, दमल्या अंगानं बाल्कनीत बसायची आणि पायाशी बसलेल्या चंद्री मांजरीला ओव्या म्हणून दाखवायची. ओव्यांत सगळं यायचं, मागं राहिलेलं घर, गेलेला धनी, ठणकणारे गुडघे. हल्ली चंद्री मान कलती करून ऐकायची, मधेच डोकं जोरात हलवायची.

"या घरात दाद देणारी तू एकटीच गं," तायव्वा म्हणायची.

एकदा शेजारची शिवलीला चंद्रीला मांडीवर घेताच थबकली. "अक्का, हिच्या कानाला घाण वास येतोय. तेलबिल घालत बसू नका, आजच डॉक्टरकडं चला."

डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं. "आजी, कान आतून पिकलाय. मान तिरकी धरणं, सारखं डोकं झटकणं, सगळं त्या दुखण्यानंच. बरी होईल, पण आधीच आणायला हवं होतं."

तायव्वानं चंद्रीला पोटाशी धरलं.

 

"बाई गं, मी माझंच गात बसले, आणि तू तुझं सांगत होतीस व्हय!"