गोदूचा गाळा
तळोज्यातल्या कामगारांना वर्षानुवर्षं डबे पुरवून गोदूनं म्हातारपणासाठी सुकापुरात गाळा घेतला होता. हात थकले, तेव्हा तिनं मेस बंद करून गाळा भाड्यानं द्यायचं ठरवलं. औषधाचं दुकान टाकणारा माणूस करार घेऊन आला, तेवढ्यात तिचा मुलगा प्रणित चकचकीत गाडीतून उतरला. बापाच्या जमिनीचे पैसे त्यानं शर्यतीच्या बैलांवर उडवले होते. "आये, गाळा विकून टाक. एक नंबर बैल आलाय. तुज्या म्हातारपनाला मी हाय ना!" गोदूनं त्याला बुटापासून गॉगलपर्यंत न्याहाळलं. "तुज्या घरात किराना कोन भरतं?" "बायको," तो पुटपुटला. "बायकोच्या जिवावर जेवतोस आनि मला पोसनार?" तिनं करारावर ठसठशीत सही केली आणि किल्ली दुकानदाराच्या हातात ठेवली. "यो माजा पोर हाय. तोंड वळखून ठेव," ती म्हणाली. "याला उधारीवर गोळीबी देऊ नको."