स्थिर धरलेलं घर

अलेक्झांड्रियातली कुठली उंच इमारत किती खचली, हे आम्ही उपग्रहाच्या मोजणीवरून सांगतो. त्यासाठी एखादी इमारत स्थिर धरून बाकीच्या तिच्या तुलनेत मोजाव्या लागतात. मी माझीच धरली. माझ्यासमोरच्या टॉवरात माझा मित्र वगदी याने समुद्र दिसणारं घर घेतलं होतं, आणि ते खचताना मला घरबसल्या पाहायचं होतं.

पण मोजणीत त्याचा टॉवर दर महिन्याला वरच चढू लागला. मग सगळं शहरच.

"काय रे वगदी, तुझं घर चढतंय कसं?" मी फोनवर कुरकुरलो.

"जळतोस लेका!" तो हसला. "बाल्कनीत ये, हात करतो."

गेलो. कालपर्यंत समोरासमोर दिसणारा वगदी कुठेच दिसेना.

माझ्या सातव्या मजल्याच्या कठड्याला रस्त्यावरची एक गाढवगाडी टेकली होती. भंगारवाल्याने अदबीने विचारलं, "हाजी, जुनं काही द्यायचंय?"