उतारावर थांबलेली गाडी

स्पेअर पार्टच्या दुकानात सुभाषचंद शेठनी काउंटरवर ब्रेकच्या दोन डिस्क ठेवल्या. एक चकचकीत, अंगभर भोकं पाडलेली. दुसरी साधी, जड, दोन चकत्यांच्या मधून हवा खेळायला फटी असलेली.

"बोल बेटा, कोणती देऊ?"

मोनालीने पोत्यातून जुनी डिस्क काढली आणि नव्या डिस्कशेजारी ठेवली. झिजून पातळ झालेली, कडेला बोटाला लागेल असा कंगोरा, मधे तापून पडलेले निळे डाग.

शेठनी ते डाग पाहिले. "घाटात?"

"हो. महिन्यापूर्वी. मक्याची पोती भरली होती. ब्रेकचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. आबांनी गाडी डोंगराला घासली, म्हणून वाचले."

तिचे वडील, तोताराम, दुकानाच्या दाराशी रस्त्याकडे तोंड करून उभे होते. वीस-बावीस वर्षं त्यांनी चोपड्याच्या वरच्या पाड्यांवर गाडी चालवली होती. ज्या वाटेने दुसरी चारचाकी जात नव्हती, तिथे त्यांची पिकअप चारही चाकं फिरवत चढायची. त्या दिवसापासून मात्र त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"कोनतीबी द्या, शेठ," ते न वळताच म्हणाले. "माले इकनी शे गाडी."

शेठनी मोनालीकडे पाहिलं. "विकायची आहे, तर मग एवढं कशाला बघतेस?"

"विकायच्या आधी एकदा भरलेली गाडी मी खाली आणून दाखवणार आहे. त्याच उतारावरून. तिथे थांबली, तर विकायची नाही. असं ठरलंय आमचं."

शेठनी तिला एकदा नीट पाहून घेतलं. मग त्यांनी भोकांची डिस्क थोडी पुढे सरकवली. "पोरं हीच नेतात. दिसायला झकास."

मोनालीने एका भोकात करंगळीचं टोक घातलं. "आमच्याकडे नाल्यातून जावं लागतं. यात चिखल बसेल. खडा अडकला तर?"

"तर डिस्कला दाबणारे पॅड खरवडून काढेल," शेठ हसले आणि ती डिस्क त्यांनी खोक्यात परत ठेवली. "पॅड दोन प्रकारचे आहेत. हे आवाज करत नाहीत, चाकं काळी करत नाहीत. हे दुसरे करकरतील, काळी भुकटी सोडतील. पण तापल्यावर धरून ठेवतील."

"करकरू दे."

तोताराम दारातून आत आले होते. कधी आले, ते कोणाला कळलं नाही. त्यांनी साध्या डिस्कच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग जुन्या डिस्कच्या. ते परत बाहेर गेले.

नवल मिस्त्रीने डिस्क आणि पॅड बसवले, ब्रेकचं तेल बदललं, मागच्या ब्रेकचे लायनरही नवे टाकले. "लगेच घाटात नेऊ नका. आधी सपाट रस्त्यावर वेग घ्या, कमी करा, परत घ्या. पॅड डिस्कला बसू द्या," त्याने बजावलं. मोनालीने चोपड्याच्या रस्त्यावर तसंच केलं. शेजारच्या सीटवर तोताराम खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाड्यावर पोती चढली. गाडी मागून खाली दबली. उताराच्या तोंडाशी येताच तोताराम म्हणाले, "थांब. मी पायी येस."

"आबा, बसा ना गाडीमा."

"नको." ते उतरले. "खाले वळनवर उभा राहास मी. हात वर करसू, तठेच थांबजो."

"थांबसू."

ते उतरत गेले. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. वळणाच्या अलीकडे, जिथे डोंगराच्या मुरमावर गाडी घासल्याची लांब चरी अजून दिसत होती, तिथे ते कडेला उभे राहिले. वाकून त्यांनी एक मोठा धोंडा उचलला. चाकाखाली टाकायला.

मोनालीने खालचा गिअर टाकला आणि गाडी सोडली. पोत्यांचं वजन मागून ढकलू लागलं. तिने पेडलवर पाय ठेवला, सोडला, पुन्हा ठेवला. पॅड करकरले. दरी डाव्या हाताला होती. तिने तिकडे पाहिलं नाही. पायाखालचं पेडल पहिल्या वळणाला होतं तसंच अजून घट्ट होतं. आणखी खाली. आणखी.

तोतारामांनी हात वर केला.

तिने पाय दाबला. गाडीने नाक खाली केलं, मागची पोती कुरकुरली, आणि सगळं थांबलं. त्या चरीच्या अगदी समोर. धूळ मागून आली आणि पुढे निघून गेली. गाडी होती तिथेच होती.

तोताराम धोंडा छातीशी धरून चाकाजवळ आले. वाकून बघितलं. नाक पुढे करून वास घेतला. जळका वास नव्हता. गाडी आता तसूभर तरी सरकेल, म्हणून ते वाट बघत राहिले. मोनालीने पेडलवरून पाय हलवला नाही.

ते सरळ झाले. धोंडा दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि सगळा जोर लावून दरीत फेकला. तो आपटत, गडगडत बराच वेळ खाली जात राहिला.

मग ते डाव्या बाजूने आले आणि दार उघडून तिच्याशेजारी बसले. डोळे ओले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"चाल, मन्ही माय," ते म्हणाले. "बाजार गाठना शे."

मोनालीने ब्रेक हळूच सोडला. तोतारामांनी हात लांब करून तिच्या हातांच्या मधोमध हॉर्न दाबला, आणि खालच्या वस्तीतली माणसं घराबाहेर येऊन बघू लागली तरी सोडला नाही.